घाटाची खडी रांगोळीतून: मॉडेल रेल्वेचा देखावा घरच्या घरी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठ बाय तीन फुटांच्या फळीवर एचओ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान मापात, खंडाळ्याच्या घाटाचा तुकडा उभा करायचाय. रूळ टाकून झालेत, गाडी धावतेय, पण परदेशी गवत, खडी आणि झाडांच्या पाकिटांचे भाव ऐकून हात आखडला. व्हिडिओंमध्ये चहाचा चोथा, कॉफीचा गाळ, भुसा, फोम असं काय काय दाखवतात. त्यातलं आपल्याकडे काय टिकतं, आणि मुख्य म्हणजे हिरवळीला भुसा बरा की फोम?

बरंच टिकतं. पण एक लक्षात घ्या, या कृती सांगणाऱ्यांची रेल्वे बहुधा कोरड्या, उबदार तळघरात असते. तुमची, माझ्यासारखीच, जुलैत डब्यातला पापडसुद्धा सादळतो अशा खोलीत असणार. म्हणून मी कुठलीही नवीन कृती आधी वीतभर फळीच्या तुकड्यावर करतो आणि तो तुकडा एक अख्खा पावसाळा बाल्कनीच्या दाराशी ठेवतो. दसऱ्याला जे शाबूत असेल ते लेआउटवर जातं. या परीक्षेत बऱ्याच गोष्टी पास झाल्या, काही नापास, दोन्ही पुढे सांगतो.

सुरुवात डोंगरापासून. तुम्ही लहानपणी दिवाळीत किल्ला केला असेल तर हे तुम्हाला येतंच. विटा-दगड रचायचे, गोणपाट मातीच्या राड्यात बुडवायचा आणि वरून टाकायचा. मॉडेल रेल्वेवाले जगभर हेच करतात, फक्त विटांच्या जागी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी असते आणि गोणपाटाच्या जागी प्लास्टरमध्ये भिजवलेलं कापड. मी जुन्या सुती धोतराचे वीतभर तुकडे वापरतो. औषधाच्या दुकानातला बँडेजचा गॉज आणखी चांगला, पण मग स्वस्ताई कुठे राहिली? पुठ्ठ्याच्या दोन-दोन सेंटिमीटर रुंद पट्ट्या आडव्या-उभ्या विणून स्टेपल करा, वर ओल्या वर्तमानपत्राचा एक थर आणि त्यावर प्लास्टरचं कापड दोन पदरी. सगळं वजनाला हलकं होतं, फळी एकट्याला उचलता येते.

टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातलं थर्माकोल असेल तर तेही डोंगराच्या पोटात घाला, फेकून देण्यापेक्षा बरं. मात्र त्याला रबरी सोल्यूशन किंवा स्प्रे पेंट लावू नका, थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळून खड्डा पडतो. पांढरा डिंक, म्हणजे फेव्हिकॉल, लावा आणि रात्रभर वजन ठेवा.

आता कातळ. इथे मॉडेल करणारे बहुतेक जण फसतात, कारण नमुन्याला परदेशी फोटो असतात. आल्प्समधले खडक तिरपे, टोकदार असतात. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या आडव्या थरांचा आहे. भूगर्भशास्त्रात त्याला ‘ट्रॅप’ म्हणतात, आणि तो शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. लोणावळ्याहून कर्जतकडे उतरताना खिडकीतून पाहा: उभा कडा, मग गवताची उतरती पट्टी, पुन्हा कडा. तुमचा डोंगर असा पायऱ्यापायऱ्यांचा झाला की निम्मं काम झालं. दोन थरांमध्ये कुठेकुठे तांबूस मातीची रेघ दिसते. एका लाव्ह्यावर दुसरा येण्याआधी मधल्या काळात तयार झालेली ती माती. डोंगरात अशी एक गेरूची रेघ ओढली की पाहणारा ओळखतो, हा घाट आपलाच.

कडा करायला साचे लागत नाहीत. स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइल चुरगाळून पुन्हा अर्धवट उलगडा, त्यात प्लास्टर ऑफ पॅरिस ओता आणि ते दह्यासारखं घट्ट झालं की फॉइलसकट डोंगरावर दाबा. आणखी घट्ट झाल्यावर फॉइल सोलून काढा. मग ते पुरतं कडक होण्याआधी जुन्या सुरीने आडव्या भेगा खोल आणि उभ्या भेगा बारीक कोरा. प्लास्टर पाण्यात घालायचं, पाणी प्लास्टरमध्ये नाही. मापाने दोन वाट्या पावडरीला साधारण एक वाटी पाणी. काम हळू असेल तर पाण्यात चमचाभर व्हिनेगर टाका, जमायला वेळ लागतो. उलट चिमूटभर मीठ पडलं तर ते लवकर जमतं, म्हणून मिठाचं भांडं नीट धुऊन घ्या. उरलेलं प्लास्टर बेसिनमध्ये ओतू नका, पाइपात जाऊन जमतं. आणि प्लास्टर जमताना चांगलंच तापतं. मुलांना त्यात हात बुडवून ठसे काढू देऊ नका, खरंच भाजतं.

रंग देताना काळा रंग थेट फासू नका. बेसॉल्ट, म्हणजे सह्याद्रीचा हा लाव्ह्याचा दगड, काळा म्हणतो आपण, पण दुपारच्या उन्हात लांबून तो करडा-तपकिरी दिसतो, आणि आपण मॉडेल नेहमी लांबूनच पाहत असतो. रंग खूप पातळ, चहाच्या पाण्याइतका. आधी पिवळट तपकिरी ठिपके इथे-तिथे, मग करडे, आणि शेवटी काळ्याचं पातळ पाणी वरून सोडायचं. ते आपोआप भेगांत उतरतं. वाळल्यावर फिकट करड्या रंगाचा जवळजवळ कोरडा ब्रश कडांवरून फिरवा.

रंगाबद्दल एक सांगून ठेवतो. खाण्याचे रंग, होळीचे रंग, स्वस्त पोस्टर कलर खिडकीच्या उजेडात वर्षभरात उडतात. माझं पहिलं हिरवं कुरण दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत निळसर पडलं होतं, कारण त्यातला पिवळा आधी गेला. गेरू आणि फरशीच्या कामाला वापरतात ते लाल-पिवळे ऑक्साइड हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, किलोवर आणि स्वस्त. ते लोहाचे रंग, उन्हाला बधत नाहीत. हिरव्यासाठी आणि काळ्यासाठी अॅक्रिलिक वापरा. काळ्या ऑक्साइडचं प्रकरण वेगळं आहे, त्यासाठी खडीकडे यावं लागेल.

खडी हा देखाव्याचा सगळ्यात अवघड भाग, आणि यावर मी सगळ्यात जास्त चुका केल्यात.

आधी हिशेब. आपल्या रेल्वेची खडी साधारण 20 ते 65 मिलिमीटरची असते. एचओ म्हणजे 1:87. भागाकार केला तर खडीचा दाणा पाव मिलिमीटर ते पाऊण मिलिमीटर हवा. बहुतेक जण याच्या दुप्पट-तिप्पट दाणा टाकतात आणि मग रुळांत दगड नाही, धोंडे पडल्यासारखे दिसतात. चाळणी मोजायची युक्ती सोपी आहे: जाळीच्या कडेला पट्टी धरून एका सेंटिमीटरमध्ये किती भोकं येतात ते मोजा. दहा-बारा आली तर तारेची जाडी सोडून भोक अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या आसपास राहतं. यातून गाळून खाली पडतं ते घ्यायचं. मग मैद्याच्या चाळणीवर पुन्हा चाळून वर राहतं ते ठेवायचं. मधला माल तुमची खडी. दोन्ही चाळण्या वेगळ्या विकत घ्या, घरातल्या घेऊ नका.

आता कशाची? सरळ विचार असा की खरी खडी बेसॉल्टची, तर मॉडेललाही बेसॉल्टच. मीही तेच केलं. रस्त्याकडेच्या क्रशरवरून दगडाच्या कचेची पिशवी आणली, धुतली, चाळली, चिकटवली. रंग अप्रतिम, कारण तो खराच होता. दोन महिन्यांनी इंजिन घाट चढताना कुरकुरायला लागलं, मग थांबलं. खोलून पाहिलं तर मोटरीच्या चुंबकाला काळी दाढी आलेली. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज असतं. नदीकाठच्या काळ्या वाळूत चुंबक फिरवला की जे केसासारखं चिकटतं, तेच. खडीतला सुटा कण उडतो, मोटरीचा चुंबक त्याला ओढतो आणि तो आत जाऊन बसतो. परदेशातले लोकही नैसर्गिक खडीला चुंबक लावून बघा असं सांगतात, पण त्यांच्याकडे तो तळटिपेतला सल्ला आहे. आपल्याकडे दगडच तसा.

चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून कचेतून फिरवता येतो, पिशवी उलटी केली की चिकटलेलं खाली पडतं. मी पाच-सहा वेळा फिरवला. जोरदार निओडिमियम चुंबकाला शेवटी दगडाचे अख्खे दाणेच चिकटायला लागले, म्हणजे खडीच उरेना.

उपाय सापडला दारातल्या रांगोळीत. पांढरी रांगोळी म्हणजे शिरगोळ्यासारख्या पांढऱ्या दगडाची भरड. चुंबकाला ढिम्म हलत नाही, दाणा टोकदार असतो आणि किलोभर घेतली तरी खिसा हलका होत नाही. दुकानात जरा जाडसर रांगोळी मागा, पिठासारखी नको. घरी आणून दोन चाळण्यांतून काढा आणि पाणी दुधासारखं येत राहील तोवर धूत राहा, शेवटी ते स्वच्छ आलं पाहिजे. वाळवा. मैद्याच्या चाळणीतून खाली पडलेली भुकटी फेकू नका, तीत चिमूटभर गेरू घातला की कच्च्या रस्त्याची धूळ तयार.

रंगीत रांगोळी मात्र घेऊ नका. करडी, तपकिरी तयार मिळते म्हणून मोह होतो, पण डिंकाचं पाणी पडताच तिचा रंग सुटतो, स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, रंगतात आणि वाळल्यावर मधल्यामध्ये पांढरे दाणे डोळे वटारून बघतात. पांढरी आणून स्वतः रंगवा. एका वाटीला दोन चमचे पातळ केलेला करडा अॅक्रिलिक, जाड पिशवीत घालून चोळा, वर्तमानपत्रावर पसरा, अधूनमधून हाताने मोडत राहा, वाळल्यावर पुन्हा चाळा. तीन छटा करा, काळपट, मध्यम आणि तपकिरीकडे झुकणारी, आणि टाकताना मिसळा. एकाच रंगाची खडी कितीही चांगली असली तरी सिमेंट वाटते.

आणि हो, काळा ऑक्साइड. काळा करायला मी आधी तोच वापरला. मग एके दिवशी सहज चुंबक लावला आणि हसू आलं: काळा लोह-ऑक्साइड म्हणजे पुन्हा मॅग्नेटाइटच. दारातून हाकललेला पाहुणा खिडकीतून घरात. काही काळे रंग काजळीचे असतात, ते चालतात. तुमच्या पुडीला चुंबक लावून पाहा.

चिकटवायचं असं. खडी कोरडी टाकून मऊ ब्रशने स्लीपरच्या मध्ये बसवा, रुळाच्या कडेला एकही दाणा नको. वरून स्प्रेने पाण्याचं धुकं सोडा, पाण्यात भांडी घासायच्या द्रावणाचे दोन थेंब हवेतच, नाहीतर पाणी मण्यांसारखं वर राहतं आणि खडी त्यावर तरंगते. मग एक भाग फेव्हिकॉल आणि तीन भाग पाणी, सुई काढलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजने थेंबथेंब, कडेकडेने. सांध्याच्या, म्हणजे गाडी रूळ बदलते त्या जागेच्या, हलत्या भागांपासून चार बोटं लांब राहा. ओलं असतानाच रुळाचा माथा फडक्याने पुसून घ्या. एक दिवस वाळू द्या आणि मग व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीला पायमोजा लावून सुटे दाणे ओढून घ्या.

आणखी एक बारकावा, जो घाटातच लागू पडतो. हा घाट, म्हणजे भोर घाट, 1863 मध्ये सुरू झाला तेव्हापासून तिथला सगळ्यात तीव्र चढ 37 फुटांत एक फूट असा आहे. तुमच्या आठ फूट फळीवर तो मापात आणायचा तर एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत साडेसहा सेंटिमीटर चढ येईल. गाड्या उतरताना ब्रेक लावत येतात, त्यामुळे उतरणीच्या मार्गावर ब्रेकच्या झिजेची आणि लोखंडाची धूळ जास्त पडते. तिथली खडी तांबूस करा आणि चढणीची जरा काळपट ठेवा. गेरूचं खूप पातळ पाणी पुरतं. दुसरं असं की एचओचा 16.5 मिलिमीटरचा रूळ युरोपच्या 1435 मिलिमीटरच्या गेजसाठी, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतरासाठी, आहे. आपला ब्रॉड गेज 1676 मिलिमीटरचा, म्हणजे मापाने तो सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवा. रूळ बदलता येत नाही, पण खडी स्लीपरच्या टोकांबाहेर नेहमीपेक्षा थोडी रुंद पसरली की ती अरुंदी डोळ्यांत भरत नाही.

जमिनीकडे वळू. खरी माती सगळ्यात चांगली: घाटाखालची तपकिरी, कोकणची लाल. चाळा, तव्यावर चांगली भाजा म्हणजे अंडी-बुरशी मरतात, चुंबक फिरवा. डिंक लागल्यावर ती दोन छटा गडद होते, म्हणून थोडी रांगोळी मिसळून आधीच फिकी करा.

मातीवरच्या हिरवळीसाठी भुसा की फोम, हा तुमचा मुख्य प्रश्न. पूर्वी सगळीकडे रंगवलेला भुसाच वापरत. तो स्वस्त आणि सुताराकडे फुकट. खोक्यांच्या पांढऱ्या लाकडाचा, करवतीचा भुसा घ्या. रंध्याच्या सालपटांचा नको आणि एमडीएफचाही नको, तो पिठूळ असतो, लापशी होते. सागाचा भुसा रंगवूच नका, तो आहे तसाच वाळक्या पानांचा पाचोळा दिसतो. पण भुसा म्हणजे लाकूड, आणि लाकडाला पावसाळ्यात बुरशी. रंगाच्या पाण्यात लिटरला चमचाभर बोरिक पावडर घाला आणि ते पाणी मुलांच्या हाताला लागू देऊ नका. एवढं करूनही भुशाचं गवत जवळून पाहिलं तर भुसाच दिसतं. मी तो फक्त खालच्या थराला वापरतो.

वर फोम. सोफा दुरुस्त करणाऱ्याकडे नव्या फोमच्या कापट्या मिळतात. जुन्या गादीतला पिवळा पडलेला फोम घेऊ नका, तो तुमच्या लेआउटवर दोन-तीन वर्षांत स्वतःच भुगा होऊन खाली बसेल. इंचाइंचाचे तुकडे करा. मिक्सरच्या भांड्यात एक तृतीयांश फोम आणि तो बुडेल एवढं पाणी. कोरडा फिरवला तर वर तरंगत राहतो, पात्याखाली जात नाही आणि मोटर तापते. थांबून थांबून फिरवा, पिळा, अॅक्रिलिक रंगाच्या घट्टसर पाण्यात मुरवा, पुन्हा पिळा, दोन दिवस सावलीत पसरा. मग तीन चाळण्या: बारीक ते गवत, मधलं ते झुडपं, जाड ते झाडांची पानं. हिरव्याच्या निदान चार छटा करा आणि प्रत्येकीत किंचित पिवळा किंवा तपकिरी मिसळा. ट्यूबमधला हिरवा निसर्गात कुठे नसतो, निळ्या-पिवळ्याचा स्वतः केलेला बरा.

मिक्सरचं भांडं वेगळं, जुन्या बाजारातलं घ्या. माझा पहिला प्रयोग चटणीच्या भांड्यात झाला. दोनदा घासून ते परत ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी ओल्या नारळाच्या चटणीत गडद हिरवा ठिपका निघाला. मी कोथिंबीर म्हणून पाहिलं, पण बायकोने चमच्यावर घेऊन दाबला तर तो परत फुगला.

आता चहाचा चोथा. परदेशी कृतीत ‘वापरलेली चहापूड वाळवा’ असं एक वाक्य असतं आणि तिथे ते बरोबर आहे, कारण त्यांची चहापूड दूध-साखरेत उकळलेली नसते. आपला चोथा म्हणजे दूध, साखर, आलं, वेलची. मी तो निष्ठेने वाळवला आणि बोगद्याच्या तोंडाशी पाचोळा म्हणून पसरला. आठवड्यात मुंग्यांनी भोर घाटाचा चौथा मार्ग टाकला. वापरायचाच असेल तर कोरी चहापूड उकळत्या पाण्यात तीनदा काढून, भाजून घ्या. कॉफीचा गाळ मात्र नको, जुलैत त्याच्यावर पांढरी लव येतेच. कसुरी मेथीची पानं म्हणून काहींनी सुचवलं होतं. दोन महिन्यांत रंग गेला, मग किडे आले, वास मात्र दिवाळीपर्यंत होता. गव्हाच्या पिठाची खळ डिंक म्हणून अजिबात नको, झुरळं आणि कसर तिच्यावरच वाढतात.

मेथीचा एक उपयोग मात्र जुना आणि खरा आहे. आपल्याकडे आज्या कागदाच्या लगद्यात मेथीची पूड कालवून टोपल्या लिंपायच्या, कडूपणाने कीड लागत नाही आणि लगदा चिकटही होतो. बोगद्याच्या वरचा ओबडधोबड उतार करायला मी तोच लगदा वापरतो: रात्रभर भिजवलेलं वर्तमानपत्र, मिक्सरच्या त्या दुसऱ्या भांड्यातून काढलेलं, त्यात मेथीपूड आणि वाटीभर डिंक. वाळायला चार-पाच दिवस लागतात, म्हणून हे काम मे महिन्यातच उरका.

झाडं करण्याआधी ऋतू ठरवा. एकाच फळीवर श्रावणातली हिरवळ आणि मार्चमधला पळस चालत नाही. नवशिक्याला मी फेब्रुवारी-मार्च सुचवतो: पिवळं गवत, निष्पर्ण साग, उघडा कातळ आणि मधूनच लाल फुललेला पांगारा किंवा काटेसावर. पानं कमी, म्हणजे काम कमी आणि फसायची जागाही कमी.

सांगाड्यासाठी वाळलेल्या तुळशीच्या काड्यांइतकं सुरेख काही मला सापडलेलं नाही. जून झालेली तुळस वाळली की तिच्या फांद्या खऱ्या झाडासारख्या विभागत जातात, बुंधा लाकडी असतो. घरच्यांना विचारून घ्या, काही घरांत वाळलेली तुळस अशी वापरलेली आवडत नाही. काड्या तव्याजवळच्या उबेत किंवा उन्हात कडकडीत वाळवा, दोन दिवस पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवा म्हणजे आतलं काही जिवंत असेल ते जाईल, मग पातळ डिंकात बुडवून उलट्या टांगा. करड्या रंगाचा पातळ हात दिला की निष्पर्ण साग झाला. टोकांना डिंक लावून लाल रंगवलेल्या बारीक फोममध्ये बुडवली की पांगारा. एखादी काडी पांढरट-गुलाबी ठेवा, कड्याच्या काठावर एकटी उभी करा. सह्याद्री हिंडलेला माणूस म्हणेल, हा कांडोळ.

उंचीचा हिशेब इथेही करा. वीस मीटरचं झाड मापात तेवीस सेंटिमीटर होतं. प्रत्यक्षात तेवढं केलं तर डोंगर ठेंगणा दिसतो. म्हणून रुळाजवळची झाडं दहा-बारा सेंटिमीटरची आणि मागे जाताना लहान लहान करत न्या. माणूस एकोणीस मिलिमीटरचा, त्याच्याशी ताडून पाहा.

पानांचं झाड हवंच असेल, म्हणजे एखादा स्टेशनावरचा वड किंवा आंबा, तर वायरमनकडून बहुतारी तांब्याच्या वायरीचे तुकडे घ्या, सोलून पिळा आणि टोकाकडे दोन-दोन तारा वेगळ्या करत जा. बुंध्याला डिंक कालवलेली माती. मग उशीतला रेक्रॉन विरळ, अगदी विरळ ओढून फांद्यांवर घाला, डिंकाचं पाणी फवारा आणि फोम पेरा. आरपार आभाळ दिसलं पाहिजे. झाड ब्रोकोलीसारखं दिसायला लागलं तर रेक्रॉन जास्त झालाय. कड्यावरून लोंबणाऱ्या वेलींना वाळलेल्या घोसाळ्याची जाळी कातरून वापरा. हिरवा रंगवून ताणला की खाली बोगद्याच्या दगडी कमानीवर छान ओघळतो. कमानीचे दगड म्हणाल तर अंड्यांच्या कागदी ट्रेचे चौकोनी तुकडे. त्याचा खरखरीतपणा आयताच घडीव दगडाचा आहे.

गवतासाठी सुतळी. रंगवायचीसुद्धा गरज नाही, नोव्हेंबरनंतरच्या घाटातल्या गवताचा रंग तिला जन्मतःच आहे. उलगडून जुडी करा, टोक डिंकात बुडवून टोच्याने पाडलेल्या भोकात उभं करा आणि वाळल्यावर कात्रीने पाच मिलिमीटरवर कापा. ते मापात गुडघाभर गवत होतं. नारळाचा काथ्या जाड असतो, तो फक्त पुढच्या कडेला आणि बांबूच्या बेटाला. डासांच्या रॅकेटपासून गवत उभं करायचं यंत्र बनवतात, ते खरंच चालतं: उच्च दाबाची एक तार लोखंडी गाळणीला, दुसरी ओल्या डिंकात खोचलेल्या खिळ्याला. पण त्याला लागणारे नायलॉनचे तंतू विकतच आणावे लागतात, लोकर कातरून भरली तर ती गाळणीत गोळा होऊन बसते. बटण सोडल्यावरही आतला कपॅसिटर झटका देतो. इलेक्ट्रॉनिक्समध्ये हात बसलेला नसेल तर सुतळीवर भागवा. आठ बाय तीनला चार रविवार लागतील, पण भागतं.

पाण्यावर फार वेळ घालवू नका. ओढ्याला चकचकीत अॅक्रिलिक वार्निशचे पाच-सहा पातळ थर पुरतात. पांढरा डिंक कुठल्याही कंपनीचा असो, दमट हवेत पुन्हा दुधाळ होतो, त्याचं पाणी करू नका. धबधबा हवा असेल तर पारदर्शक सिलिकॉन सीलंटच्या रेघा प्लास्टिकच्या कागदावर सोडून टूथपिकने खाली ओढा, दुसऱ्या दिवशी सोलून कड्यावर चिकटवा आणि मग पांढरा रंग अगदी कोरड्या ब्रशने. फक्त तुम्ही मार्च निवडलात तर धबधबा नाही, कातळावर त्याचा फिकट डाग तेवढा राहतो. तो डाग जमला तर मला फोटो नक्की दाखवा, मला अजून नीट जमलेला नाही.

क्रम असा ठेवा: कातळाचा रंग, मग खडी, मग माती, गवत आणि शेवटी झाडं, नाहीतर हात आत घालताना आधीचं मोडतं. आणि फोम पेरायला बसाल तेव्हा पंखा बंद करायला सांगून ठेवा. मी हे दोनदा विसरलोय, घरात अजून कपाटामागे हिरवळ सापडते.